सशांनी मैदान बदलले

फार पूर्वी, प्राणी कबड्डी खेळत तेव्हाची गोष्ट. माळावरच्या स्पर्धेत ससे दरवर्षी घोरपडींकडून हरायचे आणि सामना बघायला टिटवीही फिरकत नसे. शेवटी कप्तान टुणक्या वैतागला. "चला, रानातल्या स्पर्धेत खेळू. तिथे निदान गर्दी तरी असते!"

"घरी हरणारे इथे काय दिवे लावणार?" रानातले कोल्हे हसले.

पहिल्याच चढाईत कोल्ह्यांनी टुणक्याचा पाय धरला, पण तो सहज निसटला. वर्षानुवर्षे घोरपडीच्या पकडीत धडपडलेल्याला ही पकड ढिलीच वाटली. ससे जिंकले, सारे रान नाचले!

टुणक्याने ढाल उचलली आणि थेट गर्दीत बसलेल्या घोरपडीसमोर नेऊन ठेवली.

घोरपड म्हणाली, "पुढच्या वर्षी आम्हीही इथेच खेळणार. तुम्ही गेल्यावर माळावर धरण्याजोगं कुणी उरलंच नाही रे!"