अगदी महाराजांचं नाक!

"व्यभिचार! आणि तोही माझ्या बागेत!" रणधवल राजा पेरूच्या झाडाखाली थयथयाट करत होता.

झालं होतं एवढंच. ज्या दयाळ पक्ष्याच्या गाण्याने महाराज रोज डोळे उघडत, त्याची मादी महिन्यापूर्वी कुंपणापलीकडच्या दयाळाकडे जाताना दिसली होती. एकदा नव्हे, तीनदा! ही चुगली आज महाराजांच्या कानावर आली, आणि ढोलीत तर चार पिल्लं. स्वतः महाराज आठवड्यातून दोनदा बाण न घेताच शिकारीला जात. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"बाळोबा," महाराज माळ्यावर कडाडले, "यातली माझ्या दयाळाची कोणती आणि उपरी कोणती, दुपारपर्यंत सांग. उपरी मांजरापुढे टाकायची. चुकलास तर बायकापोरांसह राज्याबाहेर हो!"

बाळोबाने पिल्लं ढोलीबाहेर काढून पाहिली. चारही पिल्लं सारखीच बोडकी, चोची वासलेली. तेवढ्यात त्याची लेक सारजा पुढे झाली.

"महाराज, हे काम बाबांचं नाही. राजवाड्यात त्याची जाणकार आहे. काशीआजीला बोलवा."

काशीआजी म्हणजे राजघराण्याची सुईण. तीन पिढ्या तिच्या हातावर जन्मलेल्या. बाळ झालं की तिने दाराशी येऊन ओरडायचं, "अगदी महाराजांचं नाक!" मग तोफा उडायच्या, साखर वाटली जायची.

आजीला हाताला धरून आणलं. सारजाने एक पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं. "आजी, सांग बरं, कुणावर गेलंय?"

"अगदी महाराजांचं नाक!"

मानकऱ्यांनी तोंडात उपरणी कोंबली. दुसरं पिल्लू, तिसरं, चौथं. सगळी महाराजांवरच गेलेली!

"म्हातारे, ही चोच आहे!" महाराज किंचाळले. "डोळे फुटले का तुझे?"

"ते तर आपल्या जन्माआधीच अधू झाले, महाराज," आजी म्हणाली. "नाक बघायचं नसतं, सांगायचं असतं!"

महाराजांचा हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला.

सारजाने हात जोडले. "महाराज, आजीचा शब्द खोटा धरायचा, तर कुठपासून? या पिल्लांपासून? युवराजांपासून? की त्याच्याही आधी..."

"पुरे!"

इतक्यात दयाळ चोचीत अळी घेऊन आला, आणि समोर आली त्या चोचीत कोंबून पुन्हा उडाला. कुणाचं नाक त्याने पाहिलं नाही.

महाराज आधी नाकातल्या नाकात हसले, मग पोट धरधरून हसले. पिल्लं ढोलीत गेली, बाग बाळोबाकडेच राहिली. सारजाला त्यांनी टपोऱ्या मोत्यांची नथ दिली.

"घे! नाकावरून जिंकलीस, नाकातच घाल. पण खरं सांग, तुझं हे नाक कुणाचं? बाळोबाचं?"

"आईचं, महाराज," सारजा म्हणाली. "त्याला साक्षीदार लागत नाही!"