बकुळेची रिकामी वाटी

बकुळेच्या वाट्याला एकच दुःख आलं होतं, पण ते मोठं होतं. तिला झोप येत नसे.

बाकी सगळं उदंड होतं. गुळाचे मोठे व्यापारी असलेल्या अण्णांची ती एकुलती एक लेक, आठ वर्षांची, गोबऱ्या गालांची. तिने बोट दाखवावं आणि वस्तू समोर यावी. मोरपंखी परकर म्हणाली, आला. चांदीची पैंजणं म्हणाली, आली. चंद्र तेवढा मागायचा राहिला होता, आणि तोही ती मागेल या धास्तीने अण्णा पौर्णिमेला खिडकी लावून घेत. दिवसभर मागून मागून दमलेली ही पोर अंथरुणावर पडली की टक्क जागी. आई थोपटायची, अण्णा अंगाई म्हणायचे, आणि दोघंही तिच्याआधी घोरू लागायचे. बकुळा काही वाईट नव्हती हो. द्यायचं कसं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं, एवढंच.

शेजारच्या झोपडीत तानीमावशी राहायची, ती आणि तिची कपिला गाय. कपिला व्यायली तेव्हा मावशीने चिकाचा खरवस केला आणि पितळेच्या चिमुकल्या वाटीतून बकुळेला पाठवला. बकुळेने तो बसल्या जागी फस्त केला. मग आईने वाटी घासून लखलखीत केली, तीत काठोकाठ साखर भरली आणि ती बकुळेच्या हातात दिली.

"कुणाची वाटी रिकामी परत पाठवू नये, बाळा," आई म्हणाली. "आणि मावशीला सांग, जरा पाठ टेक म्हणावं. वासरापायी तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नाही."

टळटळीत दुपार होती. बकुळा पैंजणं वाजवत निघाली. चार पावलांवर तिने साखरेची एक चिमूट तोंडात टाकली, आणखी चार पावलांवर दुसरी. करवंदीच्या जाळीपाशी पोचली तेव्हा वाटीत पाहायला एक दाणा उरला नव्हता. रिकामी वाटी न्यावी तर मावशी काय म्हणेल, आणि घरी परतावं तर आई काय म्हणेल? बकुळेने सोपा मार्ग काढला. तिने वाटी जाळीत भिरकावून दिली.

वाटी पडल्याचा आवाजच आला नाही.

पितळेची वाटी आणि खण्ण वाजू नये? बकुळेला राहवेना. ती रांगत जाळीत शिरली. हिरवी पानं काळसर झाली, काळसर पानं काळीभोर झाली, आणि ती उभी राहिली ती एका अंधाऱ्या राज्यात. आभाळ काळं, झाडं जांभळटकाळी, आणि झाडाझाडांच्या ढोलीत काजव्यांची इवली इवली घरं, हिरव्या-पिवळ्या टिकल्यांसारखी लुकलुकणारी. ओढा कुठे दिसत नव्हता, पण त्याची खुळखुळ ऐकू येत होती. समोर शेवाळाच्या मखमलीने मढवलेलं एक सिंहासन होतं आणि त्यावर तिची वाटी ठेवलेली होती.

वाटीच्या काठावर वीतभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख काजळाचे होते आणि त्यांवर चांदीचा बारीक चुरा चमचमत होता.

"ये गं राणी," काजळपरी मऊ आवाजात म्हणाली. "हे मिट्टपूर. इथे रिकामी वाटी घेऊन येईल त्यालाच आम्ही राजा करतो. त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच हवं नसतं ना."

राणी हा शब्द ऐकताच बकुळा टुणकन सिंहासनावर चढून बसली. परीने तिला नियम समजावून सांगितले. राणीला दोन इच्छा मिळतील, तिसरी परीची स्वतःची. मागितलेलं जे येईल ते मिट्टपुरातल्याच कुणाकडून तरी येईल, आणि मागितलेली इच्छा मागे घेता येणार नाही. घरची वाट मात्र मागून मिळत नाही. वाटीत कुणी आपखुशीने, न मागता काही घातलं तरच ती उघडते.

बकुळेने यातलं 'दोन इच्छा' एवढंच ऐकलं. बाकीच्या वेळात ती सिंहासनावरचं शेवाळ खरवडत होती.

"इथे फार अंधार आहे," ती म्हणाली. "मला उजेड हवा. सगळा."

आणि उजेड आला. सोनेरी, पोपटी, केशरी उजेडाच्या धारा चारी बाजूंनी वाहत आल्या आणि सिंहासनाभोवती त्यांचं तळं साचलं. बकुळेचे डोळे दिपले. तिने टाळ्या पिटल्या, तळ्यात पाय बुडवले, पैंजणांवरून उजेड निथळू दिला. मग तिला जांभई आली, आणि जांभई आली की झोपही यावी असं तिला वाटलं. म्हणून तिने दुसरी इच्छा मागितली. जगातली सगळ्यात गोड अंगाई हवी.

अंगाई आली, एक नाही, पुष्कळ. सगळ्या तिच्या कानांत गुणगुणू लागल्या. बकुळेने डोळे मिटले, पण पापण्यांतून उजेड आत शिरत होता, आणि अंगायांच्या मागे आणखी एक आवाज येत होता. लहान लहान पिल्लं रडत होती. एका ढोलीत नाही, सगळ्या मिट्टपुरात.

"ती का रडतायत?" तिने विचारलं.

"त्यांच्या अंगातला उजेड इथे आला," परी म्हणाली, "आणि त्यांच्या आयांच्या ओठांवरच्या अंगाया तुझ्या कानांत आल्या. आता त्यांना दिसत नाही आणि झोपही येत नाही."

झोप न येणं म्हणजे काय, हे बकुळेला कुणी सांगायला नको होतं. तिने इच्छा परत घे म्हणून परीला विनवलं, पाय आपटले, भोकाड पसरलं. घरी हे हमखास चालायचं. इथे काजळपरीने फक्त पंखाने तिचे गाल पुसले, आणि मागितलेली इच्छा मागे घेता येत नाही, असं पुन्हा एकदा प्रेमाने सांगितलं.

रडून रडून बकुळा दमली. मग तिचं लक्ष वाटीकडे गेलं. इच्छा मागे घेता येत नसेल, पण हात तर होते. तिने वाटी तळ्यात बुडवली, उजेडाने भरली, आणि जन्मात पहिल्यांदा कुणासाठी तरी काहीतरी घेऊन चालू लागली.

पहिल्या ढोलीत ठिणगी नावाचं काजव्याचं पिल्लू आईला बिलगून मुसमुसत होतं. बकुळेने त्याच्या पाठीवर उजेड ओतला. कानातली एक अंगाई तिने बेसूर आवाजात म्हणून दाखवली, तेव्हा ती आईच्या ओठांवर परत गेली. ठिणगी लुकलुकली आणि हसली. बकुळा वाटी घेऊन वळली, तोच ठिणगीची आई म्हणाली, "थांब गं. कुणाची वाटी रिकामी परत पाठवू नये."

बकुळेला रडूच फुटलं. हेच तर आईने सांगितलं होतं.

काजवीण बिचारी घरभर शोधू लागली, पण द्यायला काही सापडेना. शेवटी तिने पिल्लाच्या पाळण्याखालचा चिमूटभर अंधार उचलून वाटीत घातला. कापसाहून मऊ, ओढ्यासारखा गार. पिल्लं ज्यात झोपतात तोच तो.

त्याबरोबर झाडांमध्ये वाट उघडली. पलीकडे करवंदीची हिरवी जाळी दिसली, ऊन दिसलं, अंगणापलीकडचं घराचं जोतं दिसलं. बकुळा धावली. तिचा एक पाय उन्हात पडला, आणि मागून दुसऱ्या ढोलीतलं रडणं ऐकू आलं.

वाट पुन्हा उघडेल का, हे तिने परीला विचारलं नव्हतं. नियम नीट ऐकले असते तर कदाचित कळलं असतं. आणि उजेड न्यायचा तर वाटी रिकामी करायला हवी होती. बकुळा बराच वेळ ऊन बघत उभी राहिली. मग तिने चिमूटभर अंधार परकराच्या ओच्यात घेतला. वाटी रिकामी झाली आणि वाट मिटली. नाक पुसत ती तळ्याकडे परत गेली.

तिने चाळीस घरं केली. पैंजणं पायांना काचू लागली तेव्हा तिने ती काढून टाकली. घसा बसला तरी ती गात राहिली. प्रत्येक दारात कुणीतरी म्हणालं, थांब गं, आणि ओच्यात आणखी एक चिमूट पडली. तळं आटलं, आणि मिट्टपूर पुन्हा टिकल्याटिकल्यांनी चमचमू लागलं.

बकुळेने ओच्यातला सगळा अंधार वाटीत ओतला. वाट उघडली, अगदी पहिल्यासारखी.

"आता माझी इच्छा," काजळपरी म्हणाली. "ही वाटी जिची आहे तिला नेऊन दे." एवढं बोलून तिने पंख पसरले. त्यांवरचा चांदीचा चुरा भुरभुरला, पेटला, आणि डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच परी उजेडात मिसळून गेली.

बाहेर अजून दुपारच होती. तानीमावशी गोठ्यात बसली होती, डोळे लालबुंद, हात वासराच्या पाठीवर.

"मावशी, तुझी वाटी," बकुळा म्हणाली. "रिकामी नाहीये."

मावशीने वाटीत डोकावून पाहिलं. तिच्या पापण्या जड झाल्या, मान कडब्याच्या पेंढीवर टेकली, आणि तीन रात्रींची झोप तिच्या डोळ्यांवर अलगद उतरली. वाटीत काही उरलं नाही. स्वतःसाठी एक चिमूट ठेवावी, हे बकुळेला सुचलंही नव्हतं. ती वासराच्या अंगावरच्या माश्या वारत बसली आणि बसक्या आवाजात गुणगुणत राहिली.

दिवेलागणीला आई शोधत आली. मावशी गाढ झोपली होती. आणि वासराच्या पोटावर डोकं ठेवून, कुणी थोपटलेलं नसताना, बकुळाही गाढ झोपली होती. आई पदराने डोळे टिपत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशीकडून ती वाटी सायीने भरून आली, आणि बकुळेने ती गुळाने भरून परत नेली, वाटेत एक खडाही न चाखता. बरं, एक चाखला. ती वाटी अजून दोन घरांमध्ये ये-जा करते आहे, आणि एकदाही रिकामी गेलेली नाही.