राहीच्या मैनेची वाचा

ऐका वाचामाई, तुमची कहाणी. बायका सांगतील, बायका ऐकतील, तुम्ही मधे बसा.

आटपाट नगर होतं. नगराच्या वेशीबाहेर कुंभारआळी होती. तिथं दोन जावा नांदत होत्या, थोरली तुळजा, धाकटी राही. तुळजा रांजण घडवी, राही पणत्या घडवी. नवरे गाढवांवर मडकी लादून गावोगाव फिरत, पंधरा पंधरा दिवस घरी येत नसत. तुळजेला एक लेक होती, सुंदा. राहीला एक लेक होती, मैना. मडकी भाजायचा आवा मात्र दोघींत एकच होता.

पुनवेचा बाजार जवळ आला. राही म्हणाली, "जाऊबाई, उद्या आवा मला द्या." तुळजा म्हणाली, "उद्या माझे रांजण लागायचे. मी थोरली, माझा मान पहिला." राही आपल्या चाकाकडे परतली. तिनं राग गिळला. दुसऱ्या पुनवेला तेच झालं. तिनं पुन्हा गिळला. तिसऱ्या पुनवेला तेच झालं, आणि गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "रांजण तुमचे, आवा तुमचा, मग आम्ही काय राख खावी?" तुळजेला हे नवं होतं. ती चिडली, उसळून आली, राहीच्या पणत्यांची चळत तिनं पायानं उडवली.

मग राहीनं अबोला धरला. तुळजा समोर आली की तोंड फिरवी, पाणवठ्यावर दिसली की दुसरी वाट धरी. बोलणं थांबलं, तसं लोकांचं बोलणं सुरू झालं. शेजारीण तुळजेला म्हणाली, "तुमची जाऊ म्हणते, थोरलीचा हात आता कापतो." तुळजेच्या काळजात ते शब्द रुतून बसले. हात खरंच कापत होता. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

भांडण पाटलाकडे गेलं. पाटलाला जेवायची घाई होती. तो म्हणाला, "अर्धा तिचा, अर्धा हिचा. मधे भिंत घाला." मग आव्यात भिंत घातली. थोरलीचे अर्धे रांजण कच्चे निघाले, धाकटीच्या अर्ध्या पणत्या तडकल्या. दोघी म्हणाल्या, दुसरीनंच काहीतरी केलं. तुळजा अंगणात उभी राहून ओरडली, "तुझ्या तोंडात माती पडो!" पोरी उंबऱ्यात बसून ऐकत होत्या.

एके दिवशी दुपारी दोघी आपापल्या चाकावर होत्या. पोरी परसात भातुकली खेळत होत्या. हसण्याचा आवाज येत होता. मग आवाज बंद झाला. राही म्हणाली, पोरी निजल्या असतील. इतक्यात सुंदा नाचत आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. "आई, आई, आम्ही जावा-जावा खेळलो. मी तू झाले, मैना काकू झाली. मी तिच्या तोंडात माती घातली. ती आता बोलतच नाही!"

राहीच्या हातातली पणती गळून पडली. तुळजेचं चाक एकटंच फिरत राहिलं. दोघी धावल्या. परसात मैना उताणी पडली होती. ओठ निळे, डोळे पांढरे, गालफडं चिखलानं फुगलेली. राहीला किंकाळी फुटेना. तुळजेनं पोर पालथी मांडीवर घेतली, पाठीत थापा मारल्या. राहीनं बोटं घालून माती काढली. एकीनं धरलं, एकीनं उपसलं. एक गोळा निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला, मग पोरीनं श्वास घेतला.

आळी गोळा झाली. सगळे हबकून उभे होते. सुंदा हुंदके देत म्हणाली, "पण आई, तूच तर म्हणालीस!"

श्वास आला, पण वाचा आली नाही. वैद्य झाले, अंगारे झाले, धुपारे झाले. मैना नुसती बघे.

मग एक म्हातारी दारी आली, पाणी मागू लागली. तुळजेनं तांब्या दिला. म्हातारी म्हणाली, "बाई, हात का कापतो?" तुळजा रडली, राही रडली, दोघींनी घडलेलं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "रडू नका. वाचामाईचा वसा घ्या." "वसा घेऊन काय करावं?" "तीन सोमवार समोरासमोर पाट मांडावे. मधे पाण्याचा तांब्या ठेवावा. एकीनं बोलावं, एकीनं ऐकावं. मधे तोडू नये, माहेर काढू नये, 'तू अशीच' म्हणू नये. 'मला असं झालं' एवढंच म्हणावं. ऐकणारीनं ऐकलेलं आपल्या तोंडानं परत सांगावं. मग विचारावं, तुला हे कशासाठी हवं?"

तुळजा म्हणाली, "आजी, प्रत्येक भांडणाला असं बसायचं?" म्हातारी हसली. "घराला आग लागली तर हुकूमच करावा. गोष्ट चिमूटभर असली तर सोडून द्यावी. डोकं तापलं असलं तर घटकाभर गप्प राहावं. वेळच नसला तर अर्धं अर्धं करावं. पण ज्या जागी रोज पाय पडायचा, तिथला काटा बसूनच काढावा. घेतला वसा मधेच टाकू नका." असं म्हणून ती निघाली. वळणापर्यंत दिसली, पुढं दिसली नाही.

पहिल्या सोमवारी दोघी बसल्या. राहीनं दोन शब्द उच्चारले, तुळजेनं तिसऱ्यातच तोडलं. उठून गेल्या. दुसऱ्या सोमवारी बसल्या. कुणी तोडलं नाही, पण दोघी रडल्याच, बोलणं राहिलं. तिसऱ्या सोमवारी तुळजेनं ओठ दाताखाली धरून ऐकलं. राही म्हणाली, "तुम्ही पणत्या लाथेनं उडवल्या, तेव्हा मला वाटलं, या घरात मी कुणीच नाही." तुळजेनं ते परत सांगितलं. मग ती म्हणाली, "माझा हात कापतो असं तू लोकांत बोललीस, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." राही थक्क झाली. "मी म्हटलं होतं, जाऊबाईंचा हात कापतो, त्यांना जड उचलू देऊ नका!" शेजारणीनं अर्धंच पोचवलं होतं.

मग राहीनं विचारलं, "जाऊबाई, आवा आधी कशासाठी हवा?" "मला तळाची आग लागते गं. कडेला रांजण कच्चा राहतो." राही म्हणाली, "मला तर तळ नकोच! तळाला पणती तडकते. मला कडेची ऊब पुरे."

तळ हिला हवा, कड तिला हवी. एकाच दिवशी, एकाच आव्यात दोन्ही भाजलं असतं. तीन पुनवा, एक भिंत, एका पोरीची वाचा. कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी भिंत पाडली. तळाला रांजण रचले, कडेनं पणत्या लावल्या. दोघींनी मिळून आवा पेटवला. चौथ्या दिवशी उघडला, रांजण टणटणीत वाजले, पणत्या तांबूस निघाल्या.

तेवढ्यात मैना उठली. सुंदाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं. खरखरीत आवाज आला, "सुंदे, मला तुझा राग आलाय."

दोघी आयांनी हातातलं काम थांबवलं. कुणी गप्प कर म्हणालं नाही, कुणी जाऊ दे म्हणालं नाही. सुंदानं खाली मांडी घातली. म्हणाली, "सांग. मी ऐकते."

जशी वाचामाई तुळजेला, राहीला पावली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. घरोघरी बोलणं नांदो, ऐकणं नांदो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत पुरी झाली, सांगणारीला सुफळ, ऐकणारीला सुफळ.