सखाहरीच्या बालवाडीला कुलूप

ओढ्याच्या अलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा बाप्या होता. भोळा म्हणजे किती? तर "जरा पाऊस बघून ये" म्हटलं, तर हा पाऊस थांबेपर्यंत अंगणात उभा राहून बघायचा. पण मनाने सोनं. सांगितलेलं काम कधी टाळणार नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याची आत्या अनसूयाबाई गावची बालवाडी चालवायची. एक दिवस कुणा पोराने टाकलेल्या केळ्याच्या सालीवरून ती घसरली आणि पाय प्लास्टरात गेला. त्यात तालुक्याहून निरोप आला: "मोठ्या बाई तपासणीला येणार. बालवाडी नीट चालत नसेल तर बंद करू. मुलं ओढ्यापलीकडच्या गावात जातील."

आत्याच्या तोंडचं पाणीच पळालं. एवढीएवढीशी पोरं, पावसाळ्यात ओढा कशी ओलांडणार?

"मागच्या तपासणीच्या बाई दारातून डोकावल्या, चहा प्यायल्या नि गेल्या," आत्या म्हणाली. "एक दिवस आत बसून बघा म्हणावं, मग कळेल. सखाहरी, मी उठेपर्यंत तूच सांभाळ बाबा."

"मला कुठं शिकवता येतं?"

"सोपं असतं रे. जे शिकवायचं ते प्रत्यक्ष दाखवायचं. नुसतं तोंडाने बडबडायचं नाही."

"एवढंच ना? उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी धडा होता म्हशीचा. सखाहरीने शेजारच्या हौसाबाईची म्हैस सोडून आणली आणि मागून ढकलून ढकलून वर्गात घातली. पोरं खिडकीच्या गजांवर चढून बसली. म्हशीने भिंतीवरचे फळांचे तक्ते खाल्ले, फुलांचे तक्ते खाल्ले, आणि सतरंजीच्या मधोमध बसकण मारून रवंथ करायला लागली. सखाहरी खूश. पहिल्याच दिवशी वर्गात कुणीतरी शांत बसलं होतं.

संध्याकाळी आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, जी वस्तू मोठी, जड, दारातून आणताना घाम फुटतो, तिचं चित्र काढून दाखवायचं! चित्रावर भागवायचं!"

"एवढंच ना? उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडीची वेळ झाली. खिचडी हौसाबाईच्या घरी शिजायची, पातेलं सखाहरीने उचलून आणायचं. त्याने पातेलं बघितलं. मोठं होतं. उचलून बघितलं. जड होतं. घामही फुटला. मग त्याने पातेलं होतं तिथेच ठेवलं, वर्गात आला आणि फळ्यावर खिचडी काढली. वर वाफ काढली. बाजूला पापडसुद्धा काढला.

"बघा पोटभर," तो म्हणाला.

शेवंती नावाची एक चुणचुणीत पोर होती. ती म्हणाली, "सर, माझं पोट नाही भरलं."

"नीट बघितलं नसशील. परत बघ."

पोरं भोकाड पसरत घरी गेली. आया लाटणी घेऊन आत्याच्या दारात आल्या. आत्या खाटेवरूनच ओरडली, "अरे रामा! पोरांना भूक लागते! प्रत्येकाच्या पुढ्यात वाटी भरून ठेवायची आणि सांगायचं, सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही!"

"एवढंच ना? उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी हस्तकला होती. कणकेचे गोळे करायचे, त्यांचे साप, बोरं, पोळपाट बनवायचे. हौसाबाईने बिटाचा रस घालून लालभडक कणीक मळून दिली होती. सखाहरीने प्रत्येकाच्या पुढ्यात वाटीभर ठेवली आणि दरडावलं, "सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही!"

पोरं गुणी. संपवलं.

घरोघरी लालभडक तोंडं पोचली आणि गावात एकच बोंबाबोंब झाली. बिटाचा रस आहे हे पटवता पटवता हौसाबाईचा घसा बसला. आत्या म्हणाली, "अरे शहाण्या, नजर कुठं होती तुझी? कुणी तोंडात काही घातलं की बोट घालून बाहेर काढायचं! आणि बारीकसारीक वस्तू पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी टाकून द्यायची. मणी म्हणू नको, गोटी म्हणू नको, दिसली की टाकायची!"

"एवढंच ना? उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी सरपंच दौलतराव चौकशीला आले. दारात उभे राहिले. गालात सुपारी होती.

सखाहरीची नजर आता तयार झाली होती. "तोंडात काय आहे? आ करा."

"काय?" सरपंच म्हणाले. त्यासाठी तोंड उघडावंच लागतं. सखाहरीने बोट घातलं, गालातली सुपारी काढली आणि विचार केला, पोरांचा हात कुठे पोचत नाही? अंगणात आड होता, त्याला हा उंच कठडा. त्याने सुपारी आडात भिरकावली.

"शाबास!" शेवंतीने टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी वाजवल्या नाहीत.

"अरे मेल्या!" आत्या रडकुंडीला आली. "पाहुणं माणूस दारात आलं की मुलांना उभं करायचं, हातात फूल द्यायचं, स्वागताचं गाणं म्हणायचं! मागतील ते पुढं करायचं!"

"एवढंच ना? उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी मळका सदरा घातलेला एक परका माणूस आला. इकडे बघ, तिकडे बघ. "बालवाडी बघायला आलोय," म्हणाला. सखाहरीने मुलांना उभं केलं, जास्वंदीचं फूल दिलं, गाणं झालं. माणूस म्हणाला, "हे खिचडीचं पातेलं छान आहे." सखाहरीने पातेलं घासूनपुसून त्याच्या डोक्यावर ठेवलं. वेशीपर्यंत पोहोचवायलाही गेला. पोरं मागून गात होती.

सांगकाम्या ओ नाम्या म्हणतात ते हेच.

"चोर होता तो, चोर!" आत्याने उशी फेकून मारली. "परकं कुणी 'बघायला आलोय' म्हणालं की गोड बोलून आत घ्यायचं, बाहेरून कुलूप ठोकायचं आणि धावत मला येऊन सांगायचं!"

पोरांना आधी बाहेर काढ, हे काही आत्या म्हणाली नाही. हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि आत्या रागाच्या भरात विसरली की आपण कुणाशी बोलतोय.

"एवढंच ना?" सखाहरी म्हणाला. "उद्यापासून तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवरून एक बाई आल्या. चष्मा, खांद्याला पर्स. स्कूटी आडाजवळ लावली आणि म्हणाल्या, "मी बालवाडी बघायला आलेय."

सखाहरी गालातल्या गालात हसला. "या ना, या. आत बसा."

बाई आत गेल्या. त्याने दार ओढलं, कुलूप ठोकलं, अंगणात थोडी आवराआवर केली आणि ठोकली धूम.

"आत्या! पकडला!"

"कुणाला रे?"

"चोराला! बाई आहे. चष्मा घालते. म्हणे बालवाडी बघायला आलेय. मी काय आता फसतोय!"

आत्याने ओळखलं आणि प्लास्टरसकट उठायला गेली. "मला उचल," ती कशीबशी म्हणाली. सखाहरीने तिला पाठुंगळी घेतलं आणि धावला. मागे निम्मं गाव धावलं.

खिडकीत मोठ्या बाई गज धरून उभ्या होत्या. "दार उघडा! बंदच करते तुमची बालवाडी! आजच्या आज!"

आत्याने सखाहरीच्या पाठीवरूनच हात जोडले. "चुकलं हो बाई. सखाहरी, किल्ली काढ लवकर."

"किल्ली आडात आहे."

"काय?"

"बारीक वस्तू आहे ना ती, आत्या. तूच म्हणालीस, दिसली की टाकायची."

दार सागाचं, कुलूप लोखंडाचं, आणि लोहार ओढ्यापलीकडे बाजाराला गेलेला. ओढ्याला पाणी होतं. तो यायचा संध्याकाळी.

मग काय, मोठ्या बाई दिवसभर आत. आधी ओरडल्या. मग दमून सतरंजीवर बसल्या आणि पर्समधला वेलदोडा तोंडात टाकला. शेवंतीने लगेच बोट घालून तो काढला. बाई म्हणाल्या, "अगं, भूक लागलीय मला." शेवंतीने पाटीवर खिचडी काढून समोर धरली. "नीट बघा हं. पापडपण आहे."

बाईंना हसू फुटलं. ते थांबेचना. हौसाबाईने खिडकीतून खऱ्या खिचडीच्या वाट्या दिल्या, बाईंनी पोरांना भरवलं. बाहेरून आत्या गाणं सांगायची, आतून बाई म्हणायच्या. नाकं पुसली, भांडणं सोडवली, कुणाच्या चड्ड्या बदलल्या. दुपारी सगळी पोरं बाईंच्या अवतीभवती झोपली.

संध्याकाळी लोहार पाण्यातून वाट काढत आला, कंबरेपर्यंत भिजलेला. कुलूप तुटलं. बाई बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि खांद्यावर शेवंती झोपली होती. त्यांनी लोहाराच्या ओल्या धोतराकडे बघितलं, मग शेवंतीकडे बघितलं.

"ही पोरं तो ओढा नाही ओलांडणार," त्या म्हणाल्या. "बालवाडी इथेच राहील."

आत्या भरल्या डोळ्यांनी हसली. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. सखाहरीची छाती तर अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. ते त्याने उचलून आडात टाकलं.

"बरं, निघते मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "अंधाराच्या आत घर गाठायला हवं." शेवंतीला तिच्या आईकडे देऊन त्या स्कूटीजवळ गेल्या. पर्स चाचपली. स्कूटीभोवती फिरल्या. खाली वाकून बघितलं.

"मी किल्ली गाडीलाच ठेवली होती. कुणी बघितली का हो?"

सगळं गाव सखाहरीकडे बघायला लागलं.

"बाई, तुम्ही काळजीच करू नका," सखाहरी म्हणाला. "ती तर मी सगळ्यात आधी टाकली."