जळत्या डोंगराचं वजन

धूपगडाचं लाल निशाण पांढरं पडलं! शेजारच्या राजाने लगेच खलिता धाडला, "शरण आलात, आनंद झाला!"

राजा दुर्जयदेव भडकला. गडाखालच्या रंगारवाडीत बायका बंद खोलीत गंधकाची धुरी देऊन रेशीम पांढरं करत. "हा त्यांचाच धूर! वाडी उठवा!"

"महाराज, आम्ही सगळ्या मिळून दिवसाला पाच शेर गंधक जाळतो," सगुणा रंगारीण पुढे झाली. "पश्चिमेचा जळता डोंगर अष्टौप्रहर गंधकच ओकतोय, त्याला कुणी बोलत नाही!"

"तो किती ओकतो?"

"तुमच्या निशाणाला पुरेल इतका!"

"जीभ आवर! आठ दिवसांत डोंगराचा धूर तोलून दाखव. नाहीतर चालते व्हा!"

धूर तोलला नाही, तर वाडीतल्या चाळीस चुली विझणार होत्या. पण धुरीच्या खोलीत गंधक पुरेसा झाला की नाही, हे रंगारणी चिंधी टांगूनच ठरवत. तिने निशाणाच्याच कापडाची चिंधी बुरुजावर बांधली. वारा डोंगराकडूनच होता. सकाळची लाल चिंधी संध्याकाळी पांढरी!

पाचव्या दिवशी वारा फिरला, पूर्वेकडून वाहू लागला. सगुणा दरबारात हजर. "महाराज, बुरुजावर नवी चिंधी बांधलीय. आता पूर्वेला, डोंगराइतक्याच अंतरावर भट्टी पेटवा. तोफांच्या दारूखान्यातला गंधक तोलून टाका. संध्याकाळपर्यंत चिंधी पांढरी झाली, तर जेवढा जळला तेवढा डोंगराचा एका दिवसाचा!"

"एवढंच ना? टाका पाच शेर!"

चिंधी लाल.

"पाच मण!"

लालच! आता राजाच हट्टाला पेटला. "पन्नास मण! शंभर!" गाड्यांवर गाड्या रित्या झाल्या. भट्टीवाले खोकून खोकून बेजार. दिवस कलला, तरी चिंधी ढिम्म बदलेना.

दारूखान्याचा हवालदार धापा टाकत आला. "महाराज, निम्मं कोठार संपलं!"

सगुणाने हात जोडले. "डोंगर याहून जड आहे, एवढं तर तोलून झालं. तोळा-मासा नेमका हवा असेल, तर उरलेलं कोठारही जाळू. पण उद्या शत्रू चालून आला तर तोफांत काय भरणार? आमचं रेशीम?"

राजा पोट धरून हसत सुटला. "विझवा रे ती भट्टी! नाहीतर ही बाई मला बिनतोफेचा करील!"

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. वाडी जागच्या जागी राहिली आणि दरसाल मणभर गंधक दारूखान्यातून वाडीला फुकट मिळू लागला.