संचालकांचे अभेद्य नेटवर्क

विद्यापीठाच्या वायफायला लॅपटॉप जोडायचा तर संगणक केंद्राचे संचालक डॉ. निपुणगे यांची सही लागे, आणि ती मिळायला आठ दिवस लागत. तनुजा वाघचौरेला प्रबंध त्याच संध्याकाळपर्यंत, तोही विद्यापीठाच्याच नेटवर्कवरून पाठवायचा होता. अर्ज बाजूला सारून संचालकांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवले आणि अर्धा तास सुरक्षेवर प्रवचन दिले.

"आमच्या नेटवर्कमध्ये मुंगीसुद्धा शिरत नाही, मॅडम. आठ दिवस थांबा."

"थांबते, सर. फक्त तोवर या खुर्चीत कुणाला बसवू नका. तुमच्या टेबलाच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी आहे. इथून ती उलटी दिसते, पण अर्ध्या तासात पाठ होते."

संचालकांनी डाव्या हाताने काच झाकली आणि उजव्या हाताने अर्जावर सही केली.