बसल्या जागेचं निदान

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक गृहस्थ राहत होते, आणि त्यांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागत नसे. ही गोष्ट त्यांची आहे, आणि त्यांच्या उत्तरावर विसंबलेल्या एका मुलीची.

गृहस्थांचं नाव भालचंद्र कोठावळे. पाइप आणि नळाच्या तोट्या विकायचं दुकान होतं. पण गावात त्यांना मान होता तो मोटारसायकलमुळे. बत्तीस वर्षं ते मोटारसायकल चालवत होते आणि पाच गाड्या त्यांनी झिजवल्या होत्या. लहानथोर सगळे त्यांना भालूअण्णा म्हणत.

पेट्रोलपंपाशेजारी एक रसवंती होती. उन्हाळ्यात तिथे उसाचा रस मिळे, एरवी चहा. दर रविवारी सकाळी रसवंतीच्या ओट्यावर गावातले दहा-बारा मोटारसायकलवाले जमत. कुणी कसले हातमोजे घेतले ते दाखवी. चेनला तेल घालावं की ग्रीस लावावं, यावर वाद रंगे. लांबच्या प्रवासात कंबर धरते, तर सीट जाड करावी की बसायची पद्धत बदलावी, याचा काथ्याकूट चाले. रेनकोट जॅकेटच्या आत घालणाऱ्यांचा एक पक्ष होता आणि वरून घालणाऱ्यांचा दुसरा. पावसाळाभर दोन्ही पक्ष सारखेच भिजत.

अशी बैठक वाईट नाही. माणसं आपल्या चुका सांगतात आणि त्यामुळे दुसऱ्याच्या टळतात. पोस्टातले वाघमोडे दोन वर्षं मानदुखीने बेजार होते. हँडल दोन बोटं वर घ्या, असं अण्णांनी सांगितलं आणि त्यांची मान दुखायची थांबली. अण्णांना खरोखर पुष्कळ कळत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कुणाला वाटेल की माणूस नुसता बोलभांड होता.

खोड एकच होती. अण्णा निदान बसल्या जागी करत. भिंतीला पाठ, हातात चहाचा पेला. गाडीवाला समोर उभा राहून दुखणं सांगे, अण्णा डोळे मिटून ऐकत आणि उत्तर देत. गाडीला हात लावत नसत. दहातल्या आठ वेळा उत्तर बरोबर येई. त्या आठांची चर्चा गावभर होई आणि उरलेल्या दोनांची आठवण कुणी काढत नसे, अण्णासुद्धा नाही.

रस्त्याच्या पलीकडे रज्जाक मिस्त्रीचं गॅरेज होतं. रज्जाकभाई मितभाषी. त्याला काहीही विचारा, तो म्हणे, "खोलून बघावं लागंल." बैठकीत त्याची नक्कल व्हायची. तीस वर्षं गाड्या खोलतोय तरी याला अजून बघावंच लागतं, असं म्हणून मंडळी हसत. अण्णाही हसत.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात स्नेहल घुगे नावाची एक डॉक्टर होती. वय तिशीच्या आतबाहेर. घाटावरच्या नऊ वाड्या तिच्याकडे होत्या. तिथला रस्ता असा की आधीचे डॉक्टर काही ना काही निमित्त काढून जायचं टाळत. स्नेहलने ते काम मागून घेतलं होतं. मोटारसायकलच्या मागे लशीची पेटी बांधून ती आठवड्यातून तीनदा घाट चढायची. वाडीवरच्या बायका तिला घरच्या लेकीसारखं वागवत. ते काम तिला जिवापाड आवडत होतं.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी ती रसवंतीपाशी आली. खरं तर ती रज्जाकभाईकडेच निघाली होती. अण्णा दिसले म्हणून थांबली.

"अण्णा, पुढचा ब्रेक दाबला की समोरून कट्ट असा आवाज येतोय," ती म्हणाली. "चार दिवस झाले. उद्या वर जायचंय, लाळखुरकताची लस द्यायची आहे."

अण्णांनी डोळे मिटले. असा आवाज त्यांच्या तिसऱ्या गाडीला यायचा. तेव्हा हँडलच्या मुळाशी असतो तो कोनसेट ढिला झाला होता. पण असाच आवाज दुसऱ्याही कशाचा असू शकतो, हेही त्यांना ठाऊक होतं. कशाचा, ते त्या क्षणी आठवेना. म्हणजे खरं उत्तर असं होतं की मला नक्की सांगता येत नाही.

ओट्यावरची सगळी मंडळी बोलणं थांबवून अण्णांकडे बघत होती. पेला अर्धा भरलेला होता. गाडी चार पावलांवर उभी होती.

"कोनसेट," अण्णा म्हणाले. "थंडी पडायला लागली की वाजतो. महिनाभर काही होत नाही."

"एकदा रज्जाकभाईला दाखवू का?"

"दाखव की. तो म्हणेल, खोलून बघावं लागंल. अर्धा दिवस तुझा तिथेच जाईल."

सगळे हसले. स्नेहलही हसली. तिने गाडी वळवली आणि घरी गेली.

दुपारी जेवताना अण्णांना ते दुसरं कारण आठवलं. पुढच्या चाकाच्या डिस्कला धरून ठेवणारी जी ब्रेकची पकड असते, ती दोन बोल्टांवर बसवलेली असते. बोल्ट सैल झाले तरी ब्रेक दाबताना कट्ट असंच वाजतं. चार दिवसांपूर्वी काय झालं होतं, हे आपण तिला विचारलंच नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी फोन उचलला. तिचा नंबर काढला. मग मनात आलं, सकाळी सगळ्यांसमोर एक सांगितलं आणि दुपारी दुसरं सांगायचं. पोरगी बैठकीत बोलेल. लोक म्हणतील, अण्णांचंही आता वय झालं. आणि कोनसेटच असेल, बहुतेक कोनसेटच असतो. अण्णांनी फोन खाली ठेवला. दुपारची झोप मात्र त्यांना लागली नाही.

सोमवारी स्नेहल लस देऊन घाट उतरत होती. तिसऱ्या वळणावर तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. ती गाडीवरून फेकली गेली. हेल्मेट उत्तम होतं, ते अण्णांनीच तिला निवडून दिलं होतं, आणि त्यानेच तिचं डोकं वाचलं. उजव्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला.

गाडी रज्जाकभाईकडे आणली. अण्णा संध्याकाळी एकटेच तिथे गेले. रज्जाकभाईने पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. ब्रेकच्या पकडीचे दोन्ही बोल्ट गळून पडले होते. पकड चाकात जाऊन अडकली होती.

"मागं कधीतरी वाटंत पंक्चर काढलं असणार तिनं," रज्जाकभाई म्हणाला. "चाक काढायला बोल्ट सोडले, परत आवळले न्हाईत."

"आधी कळलं असतं का रे?" अण्णांनी विचारलं.

"वाकून हात लावला असता तर बोटाला लागलं असतं, अण्णा."

इथपर्यंत झाली ती चूक. चूक कुणाचीही होते. माणसाची परीक्षा त्यानंतर असते, आणि अण्णांची परीक्षा पुढच्या रविवारी झाली.

त्या रविवारी बैठकीत दुसरा विषय नव्हता. वाघमोडे म्हणाले, "वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला असणार. तिथंच सगळे फसतात." दुसरे कुणी म्हणाले, "बाईमाणसाने त्या घाटात मोटारसायकल घालायचीच कशाला?" एकाने मान हलवली, मग सगळ्यांनीच हलवली. कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा, आवाजाचं काय म्हणाली होती ती?" आणि लगेच दुसऱ्याने सावरून घेतलं, "आवाजाने का कोण पडतं?"

अण्णांना सगळं माहीत होतं. बोल्टांची रिकामी भोकं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि ते गप्प राहिले. अण्णा काही बोलले नाहीत, म्हणजे तसंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं, तसं त्यांच्या गप्प बसण्यालाही होतं.

बैठकीतली गोष्ट गावात गेली. गावातली तालुक्याच्या कचेरीत गेली. कचेरीत तिच्या साहेबाने ऐकलं की मॅडमना घाटात गाडी सांभाळता आली नाही. साहेब भला माणूस होता. त्याला वाटलं, पोरीचा जीव वाचला हे नशीब, आता पुन्हा तिला त्या रस्त्यावर पाठवायला नको. त्याने तिची बदली खाली कचेरीतल्या टेबलावर केली आणि नऊ वाड्या दुसऱ्याकडे दिल्या. तो दुसरा महिन्यातून एकदा वर जाई, तोही जीप मिळाली तर.

साडेतीन महिन्यांनी, एका रविवारी, स्नेहल काठी टेकत रसवंतीपाशी आली. मंडळींनी सरकून जागा केली. ती बसली नाही.

"रज्जाकभाईने मला बोल्टांचं सांगितलं," ती म्हणाली. "मी भांडायला आले नाही, अण्णा. पंक्चर काढल्यावर बोल्ट तपासायला हवे होते, ते मी तपासले नाहीत. माझी चूक मला कबूल आहे. फक्त एक विचारायचंय. त्या दिवशी तुम्हाला खात्री होती का?"

अण्णा तिच्या काठीकडे बघत होते. साडेतीन महिने ज्या वाक्याला ते भीत होते, ते त्यांना आता बोलावंच लागणार होतं.

"नव्हती," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. दुपारी शंका आली, तरी मी फोन केला नाही. आणि त्यानंतर इथे हे सगळे तुला नावं ठेवत होते, तेव्हाही मी गप्प बसलो."

"एवढंच त्या सकाळी म्हणाला असतात, अण्णा, तर मी रस्ता ओलांडला असता," स्नेहल म्हणाली. "गॅरेज उघडं होतं."

ती आली तशी काठी टेकत गेली. वाघमोडे काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून अण्णा तालुक्याच्या कचेरीत गेले. त्यांनी सगळी हकिकत कागदावर लिहून नेली होती. आवाज काय होता, आपण काय सांगितलं, बोल्ट कसे गळाले, दोष कुणाचा. रज्जाकभाईची साक्षीची सही घेतली होती. साहेबाने कागद दोनदा वाचला.

"हे तेव्हाच आणून दिलं असतंत, तर मी त्यांचं काम काढून घेतलं नसतं," साहेब म्हणाला. "गुडघा बरा होईपर्यंत वाट बघितली असती. आता त्या जागेवर माणूस नेमला गेला. मी वर लिहितो. पण वर्ष-दोन वर्षं तरी काही होईलसं वाटत नाही."

अण्णांना तिथे उभं राहवेना. उभ्या आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ते बाहेर आले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी स्नेहलचं टेबल होतं. पुढ्यात फाइलींचा गठ्ठा, शेजारी भिंतीला टेकवलेली काठी. अण्णांनी कागदाची दुसरी प्रत तिच्यापुढे ठेवली.

स्नेहलने कागद सावकाश वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

"ही प्रत मी नेते," ती म्हणाली. "घरी बाबांना दाखवायची आहे. इतके दिवस मी सांगतेय, पण त्यांनाही वाटतं की गाडी मला आवरली नाही."

तात्पर्य: 'मला माहीत नाही' असं म्हटल्याने आपला मान थोडा उणा होतो; ते वेळेवर न म्हटल्याने आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं आयुष्य उणं होतं.